न दिलेला राजीनामा

"मी राजीनामा दिलेला नाही," नेहा भागवत म्हणाली, "पण माझ्या साक्षीदारांना तो पोचलाय."

कांचन सरवटे यांनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. हिंदी मुलखातल्या या शहरात, शाहपुरा भागात, स्टेशनरीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचं ऑफिस होतं. 'खाजगी तपास' अशी साधी पाटी. त्याआधी सव्वीस वर्षं त्या कोर्टात दुभाषी होत्या. त्या नोकरीतली एक सवय अजून सुटली नव्हती. कोण काय म्हणालं, हे त्यांना त्याच माणसाच्या शब्दांत ऐकायचं असे.

शेजारच्या खुर्चीत हेमंत पागनीस वही उघडून बसले होते. कोल्हापूरहून भेलच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेले, आता निवृत्त. कांचनबाईंना गाडी चालवता येत नव्हती आणि पागनिसांना घरी बसता येत नव्हतं. भागीदारी एवढ्यावरच उभी होती.

"पहिल्यापासून सांगा," कांचनबाई म्हणाल्या.

नेहा सरकारी वकील होती. वर्षभरापूर्वी तिच्या कार्यालयाने दोन नव्या गोष्टी सुरू केल्या होत्या. पहिली म्हणजे झाकलेल्या फाइली. जे आरोपी केवळ जामीनदार मिळाला नाही म्हणून आत आहेत, त्यांच्या फाइली पुन्हा वाचायच्या. पण वाचणाऱ्याला आरोपीचं नाव, जात, वस्ती काही दिसू द्यायचं नाही, त्यावर काळी पट्टी. फक्त पुरावा बघायचा आणि मत द्यायचं. दुसरी गोष्ट साक्षीदारांची. तारखेच्या आदल्या दिवशी प्रत्येक साक्षीदाराला त्याच्या भाषेत फोन करायचा, कुठे यायचं ते सांगायचं, काही अडचण आहे का विचारायचं.

"छान आहे की," पागनीस म्हणाले.

"छान चाललं होतं. साक्षीदार वेळेवर येत होते. पण गेल्या दीड महिन्यात पाच जण आलेच नाहीत. त्यांतल्या एक शेवडेबाई. मी फोन केला तर म्हणाल्या, 'अहो, तुम्ही राजीनामा दिलात ना? मग मी कशाला येऊ?'"

"कोणी सांगितलं त्यांना?"

"आमच्याच ऑफिसातून फोन गेला होता. हॉलमधल्या फोनवरून, दुपारी दीड वाजता. जेवणाच्या सुट्टीत तिथे कोणीही बसतं. आवाज पुरुषाचा, आणि मराठी."

"तुमच्याकडे मराठी बोलणारे किती?"

"अकरा जणांत चार. मी, अजिंक्य दाते, अंबरीश राजवाडे सर आणि हेडक्लार्क प्रभाकर तांबे."

"तुम्हाला संशय अजिंक्यचा आहे," कांचनबाई म्हणाल्या.

नेहा गोरीमोरी झाली. "मी गेले तर माझी जागा त्याला मिळेल. पण तसं म्हणवत नाही हो. चांगला मुलगा आहे. शनिवारी वरिष्ठ लोक आमच्या कामाचा आढावा घ्यायला येतायत. पाच साक्षीदार गैरहजर म्हणजे योजना गुंडाळली म्हणून समजा. आणि श्यामचं काय?"

"श्याम कोण?"

"इलेक्ट्रिशियन. नेहरू नगरचा, सव्वीस वर्षांचा. एका दुकानातून पाण्याच्या दोन मोटरी चोरल्याचा आरोप. आधी एकदा पोलिसांनी पकडलं होतं, म्हणून यावेळी कोणी त्याचं ऐकलंच नाही. राजवाडे सरांनी झाकलेली फाइल वाचली आणि चौदाव्या पानावरची एक ओळ शोधली. त्या वेळी तो मिसरोदला एका बाईंच्या घरी गीझर दुरुस्त करत होता. मी त्या बाई शोधल्या. त्याच या शेवडेबाई. त्यांचा जबाब झाला की खटला मागे घ्यायची परवानगी मागणार होते. त्या आल्या नाहीत, आणि तारीख एकवीस दिवस पुढे गेली. आज त्याला आत एकाहत्तर दिवस झाले, कांचनताई. पुढची तारीख शुक्रवारी."

कांचनबाई उठल्या. "पागनीस, गाडी काढा. मिसरोद."

---

रत्नप्रभा शेवडे सत्तरीच्या होत्या. मुलाची मंडीदीपला बदली झाली म्हणून वर्षापूर्वी साताऱ्याहून आलेल्या. पाहुणे मराठी आहेत म्हटल्यावर त्यांनी आधी लाडू पुढे केले, मग बोलायला सुरुवात केली.

"फार वाईट वाटलं मला. एवढी गुणी मुलगी, आणि नोकरी सोडली म्हणे."

"फोनवर तो माणूस नेमकं काय म्हणाला? तुम्हाला काय वाटलं ते नको. त्याचेच शब्द सांगा."

रत्नप्रभाबाईंनी डोळे मिटले. "म्हणाला, 'नमस्कार आजी, कार्यालयातून बोलतोय. उजवा गुडघा कसा आहे आता?' मी म्हटलं, आहे तसाच आहे. मग म्हणाला, 'उद्या यायची तसदी घेऊ नका. राजीनामा झालाय. आता साक्षीचं काम उरलं नाही.' एवढंच."

"राजीनामा झालाय?"

"हो. झालाय."

"आवाज ओळखीचा वाटला?"

"छे. मी एकदाच गेले होते तिथे, आदल्या आठवड्यात, गुरुवारी. नेहाशीच बोलले. बाकी लोक कामात होते. मात्र फोनवरचा माणूस फार प्रेमळ हो."

गाडीत बसल्यावर पागनीस म्हणाले, "लबाड लोक गोडच बोलतात."

"गोड बोलणं वेगळं," कांचनबाई म्हणाल्या. "आता कोटऱ्याला चला. दुसरा साक्षीदार तिथे आहे."

दुसरा साक्षीदार म्हणजे एक म्हातारे शिंपी मास्तर. दोन शेजाऱ्यांच्या मारामारीत त्यांची साक्ष होती. मशीन चालवता चालवताच ते बोलले.

"हां, फोन आया था. पहले पूछा, चश्मा बना कि नहीं. फिर बोले, राजीनामा हो गया है, आप मत आइए. हमने कहा चलो, अच्छा हुआ! रोज़ की चिकचिक खत्म."

बाहेर आल्यावर पागनीस चिडलेच. "नेहाने नोकरी सोडली यात याला आनंद कसला? काय माणसं असतात!"

कांचनबाई हसल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

---

बुधवारी सकाळी दोघं नेहाच्या कार्यालयात गेले. हॉल मोठा होता. दारापाशी फोन आणि त्याच्याजवळ साक्षीदारांचं रजिस्टर. भिंतीवर लोक अदालतीचा जुना फलक होता: 'राजीनामा योग्य प्रकरणों का निराकरण'.

पागनिसांनी तो वाचला आणि कांचनबाईंच्या कानाशी लागले. "इथे राजीनामा द्यायलाही योग्यता लागते वाटतं."

"वहीत लिहून ठेवा," त्या म्हणाल्या.

त्यांनी रजिस्टर उघडलं. शेवडेबाईंच्या नावापुढे अडचणीच्या रकान्यात नेहाच्या अक्षरात लिहिलं होतं: 'मराठी. जिना नको, तळमजल्यावर सोय करावी.' बाकी काही नव्हतं.

सगळ्यात आधी भेटले प्रभाकर तांबे. मूळचे उज्जैनचे, गोल चेहऱ्याचे, हसरे. टेबलावर शेवेचा डबा उघडाच होता.

"घ्या, रतलामी आहे. साहेब, डाव्या बाजूला चमक भरलीये का हो? त्या अंगावर जरा झुकून चालताय."

पागनीस थक्क झाले. "कालपासून. तुम्हाला कसं कळलं?"

"एकतीस वर्षं माणसंच बघतोय. या इकडे, पाठीला उशी घ्या." त्यांनी स्वतःच्या खुर्चीवरची उशी काढून दिली. "पूर्वी या टेबलापुढे सकाळपासून रांग असायची. कोणाला तारीख हवी, कोणाचा राजीनामा लिहायचाय, कोणाला नुसतंच रडायचंय. आता फोन आले. सुधारणा झाली पाहिजे, नाही का? नेहा मॅडम फार हुशार आहेत."

"नव्या पद्धतीबद्दल काही तक्रार?"

"माझी? छे! शेव घ्या ना."

अंबरीश राजवाडे यांचं वेगळंच होतं. उंच, तिरसट, इंदूरचे. ते उठलेही नाहीत.

"न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी आहे हे मला माहीत होतं. यांनी ती फाइलीलाही बांधली! मी पहिल्या दिवसापासून विरोध केलाय आणि तोंडावर केलाय. पूर्वी अर्धे खटले आम्ही राजीनामे करवून संपवत होतो, कोणाची कुरकुर नव्हती."

"तरी चौदाव्या पानावरची ओळ तुम्हीच शोधलीत."

राजवाड्यांनी समोरची फाइल सरळ केली. "फाइल हातात आली की मी नीट वाचतो. त्याला योजना लागत नाही."

"शेवडेबाईंना भेटलात?"

"नाही. ओळीखाली खूण केली आणि भाचीच्या लग्नाला ग्वाल्हेरला गेलो. तो आख्खा आठवडा तिकडेच होतो. त्या येऊन गेल्याचं नंतर कळलं."

शेवटी अजिंक्य. पुण्याचा, तीन वर्षांपूर्वी इथे आलेला, बोलता बोलता पेन फिरवायची सवय असलेला.

"नेहा मॅडमनी राजीनामा दिला अशी अफवा आहे," कांचनबाई म्हणाल्या.

पेन थांबलं. "काय? कधी? मला काहीच बोलल्या नाहीत!"

"दिलेला नाही. त्या शिंपी मास्तरांच्या केसचं काय झालं?"

"त्यात तडजोड होईल असं वाटत होतं. दोघे शेजारी आहेत. पण अजून झालेली नाही. मास्तर आले असते तर काम पुढे सरकलं असतं."

"शेवडेबाईंना पाहिलंत तुम्ही?"

"हो तर. मीच रिक्षात बसवून दिलं. पाय दुखत होता त्यांचा."

परतताना पागनिसांनी गाडी तळ्याकाठी थांबवली. त्यांना राहवेना. "सरळ आहे. राजवाडे. योजनेचा वैरी, तिरसट, आणि त्यांनी शेवसुद्धा विचारली नाही."

"अजिंक्य का नाही?"

"अफवा ऐकून त्याचा चेहरा पडला होता. खरा होता तो."

"बरोबर. तेवढं बरोबर आहे." कांचनबाईंनी नेहाला फोन लावला आणि एकच विचारलं, "शेवडेबाई आल्या त्या गुरुवारी कचेरीत कोण नव्हतं?"

"फक्त राजवाडे सर," नेहा म्हणाली.

---

गुरुवारी पाच वाजता नेहाच्या खोलीत सगळे जमले. नेहा, अजिंक्य, राजवाडे आणि तांबे. पागनीस दाराशी उभे राहिले, कोणी पळालं तर अडवायला. पळण्यासारखं तिथे कोणी दिसत नव्हतं.

"आधी एक चूक दुरुस्त करू," कांचनबाई म्हणाल्या. "नेहाने राजीनामा दिला असं कोणीही, कोणालाही सांगितलेलं नाही."

"पण शेवडेबाई..." नेहा म्हणाली.

"त्यांना जे समजलं ते त्यांनी तुम्हाला सांगितलं. मी त्यांना ऐकलेलं विचारलं. फोनवरचा माणूस म्हणाला, 'राजीनामा झालाय.' नोकरी सोडणारा माणूस राजीनामा देतो. इथे तो झाला. साताऱ्याच्या बाईंना राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं एवढंच माहीत. पण आपल्या कोर्टाच्या हिंदीत राजीनामा म्हणजे काय?"

नेहाने कपाळावर हात मारला. "समझौता! दोन पक्षांची तडजोड! अहो, दिवसातून दहा वेळा ऐकते मी हा शब्द."

"त्या 'दिलात' म्हणाल्या म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही. शिंपी मास्तरांना मात्र बरोबर समजलं. शेजाऱ्यांची भांडणं मिटली म्हणून ते खूश झाले."

पागनिसांना भिंतीवरचा फलक आठवला आणि ते हळूच खोकले.

"म्हणजे या फोनांचा नेहाच्या जागेशी काही संबंध नव्हता. खटला मिटलाय, येऊ नका, एवढंच सांगायचं होतं. आता सांगणारा कोण? मराठी बोलतानाही ज्याच्या तोंडी हा शब्द इथल्या अर्थाने सहज येतो, असा माणूस. अजिंक्य, तुम्ही काल मला 'तडजोड' म्हणालात. पुण्याचा माणूस मराठीत तेच म्हणणार. आणि नेहाच्या राजीनाम्याबद्दल ऐकून तुम्ही दचकलात. तुम्ही नाही."

अजिंक्यने श्वास सोडला. नेहाने त्याच्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली.

"राजवाडे साहेब, तुम्ही 'राजीनामे करवून' म्हणालात. तांब्यांनीही 'राजीनामा लिहायचाय' म्हटलं. तुम्ही इंदूरचे, ते उज्जैनचे. शब्द दोघांचाही."

"मग?" राजवाडे गुरगुरले.

"मग गुडघा. फोनवर विचारलं, उजवा गुडघा कसा आहे. रजिस्टरमध्ये फक्त 'जिना नको' आहे. कोणता पाय दुखतो हे त्यांना चालताना पाहणाऱ्यालाच कळेल. त्या एकदाच आल्या, आणि तेव्हा राजवाडे साहेब ग्वाल्हेरला होते."

पागनिसांचा हात नकळत स्वतःच्या डाव्या बरगडीवर गेला.

"मला मात्र त्याआधीच शंका आली होती," कांचनबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "खोटा निरोप द्यायला फोन केला, तरी आधी गुडघा विचारला. मास्तरांना चष्म्याचं विचारलं. खोटं बोलतानासुद्धा ज्याला चौकशी केल्याशिवाय राहवत नाही, असा माणूस या कचेरीत एकच आहे. काल पागनीस दारातून आत आले, आणि त्यांना कोणत्या बाजूला चमक भरलीये हे त्याने खुर्चीत बसल्या बसल्या ओळखलं."

प्रभाकर तांबे यांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला.

"एकतीस वर्षं," ते म्हणाले. "लोक घरी लग्नाची पत्रिका द्यायचे हो मला. आता माझ्या टेबलापुढे कोणी थांबत नाही. फोन येतो, ते येतात, जातात. मला वाटलं, शनिवारी आकडे वाईट दिसले की हे बंद होईल. साक्षीदारांचं काही नुकसान नव्हतं. तारीख पुढे जाते, त्यात काय? आयुष्यभर तारखा पुढे जातानाच पाहिल्या मी."

"त्या तारखेच्या मागे एक मुलगा होता, तांबेजी," नेहा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "श्याम नाव आहे त्याचं. त्याने चोरी केली नाही हे शेवडेबाई सांगणार होत्या. तुमच्या एका फोनाने तो एकवीस दिवस जास्त आत राहिला."

तांब्यांनी वर पाहिलं. "फाइलीवर तर पट्टी होती. मला वाटलं... मी कधी विचारलंच नाही कोण आहे ते."

सगळ्यात आधी हलले ते राजवाडे. त्यांनी पाण्याचा ग्लास भरून तांब्यांच्या हातात दिला आणि पुन्हा जागेवर जाऊन बसले.

"हे वर कळवावं लागेल," कांचनबाई म्हणाल्या. "आणि कोर्टालाही."

"मीच लिहितो," तांबे म्हणाले. "पाचही साक्षीदारांची नावं लिहितो. काही लपवत नाही."

---

शुक्रवारी रत्नप्रभाबाई वेळेच्या तासभर आधी हजर झाल्या. तळमजल्यावरच्या खोलीत त्यांनी ठणठणीत आवाजात जबाब दिला. श्याम साडेदहा ते दीड त्यांच्या घरी होता, जेवूनच गेला, आणि आमटी दोनदा वाढून घेतली. न्यायाधीशांनी ओठ दाबून हसू आवरलं. दुपारी खटला मागे घ्यायची परवानगी मिळाली.

शनिवारच्या आढाव्यात नेहाने कोणी विचारण्याआधीच सगळं सांगितलं. आपल्या फोनच्या पद्धतीत एक उणीव होती. आपण साक्षीदाराची काळजी घेतली, पण फोन खरा की खोटा हे त्याला कसं कळणार याचा विचार केला नाही. यापुढे प्रत्येक साक्षीदार स्वतःचा एक शब्द ठरवील, आणि तो शब्द न सांगणाऱ्या फोनवर त्याने विश्वास ठेवायचा नाही.

वरिष्ठांपैकी एकाने विचारलं, "इतकी भानगड झाल्यावर योजना चालू का ठेवायची?"

उत्तर द्यायला राजवाडे उभे राहिले. अजिंक्यला वाटलं, आता संपलं.

"मी या योजनेच्या विरोधात होतो," ते म्हणाले. "पण ती चौदाव्या पानावरची ओळ मी आधीही वाचली होती. तेव्हा पट्टी नव्हती. नाव दिसत होतं, जुनी नोंद दिसत होती. मी पान उलटलं होतं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा थांबलो. आता मला विचारू नका योजना का ठेवायची ते."

योजना राहिली.

संध्याकाळी कांचनबाई आणि पागनीस जेलच्या फाटकापाशी गाडीत बसले होते. श्यामच्या आईला आणायचं ठरलं होतं, पण तिला ताप होता, म्हणून त्याला घरी सोडायला हे दोघं आले होते. फाटकाजवळ एक स्कूटर आधीच उभी होती. तिच्याशेजारी प्रभाकर तांबे.

त्यांना कामावरून दूर केलं होतं, चौकशी सुरू व्हायची होती. इथे यायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"जाऊ का तिकडे?" पागनिसांनी विचारलं.

"नको. बसा."

श्याम बाहेर आला. किडकिडीत, हातात एक पिशवी. तांबे पुढे झाले, दोन पावलं टाकून थांबले. मग म्हणाले, "तुम्हारी तारीख मेरी वजह से गई थी, बेटा. इक्कीस दिन."

श्याम त्यांच्याकडे बघत राहिला. पागनिसांचा हात दाराच्या कडीवर गेला.

"क्यों?" श्यामने विचारलं.

"मैंने पूछा नहीं था, किसकी है."

श्यामने रस्त्याकडे पाहिलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"नेहरू नगर तक छोड़ दोगे?" तो म्हणाला. "अम्मा को बुखार है. और रास्ते में सब सुनाना. पूरा."

तांब्यांनी मान हलवली. त्यांना स्कूटर लागलीच सुरू करता येईना. तिसऱ्या किकला ती सुरू झाली, श्याम मागे बसला, आणि तांबे बोलायला लागले ते इतक्या मोठ्याने, की रस्ता वळेपर्यंत त्यांचा आवाज गाडीत ऐकू येत होता.